माजी झाडवाले भाऊ

भाऊंच्या घरी एसी आला, ती दुपार आमच्या लेआउटमध्ये अजून सांगितली जाते. २०२५चा एप्रिल, साडेतीनची वेळ. नागपुरात या वेळी कुत्रंसुद्धा उभ्या कारखालून बाहेर येत नाही. पण टेम्पो भाऊंच्या फाटकाशी थांबला आणि गच्ची, गॅलरी, खिडकी, जागा मिळेल तिथे माणसं उगवली. खोका उतरवणाऱ्या पोराने कागदावरचा पत्ता तीनदा वाचला. त्याचंही चुकलं नव्हतं. ज्या फाटकातून खोका आत न्यायचा होता त्याच फाटकावर 'झाड लावा, कूलर विसरा' अशी हिरवी पाटी होती.

"भाऊ, ती पाटी?" समोरच्या पहिल्या मजल्यावरून मी विचारलं.

"राहू द्या. पेंटरले पैसे दिले आहेत."

"किती टनाचा?"

"दीड." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पाच स्टार आहे." बिअर पिताना सापडलेला माणूस 'कडक नाही, साधीच आहे' म्हणतो, त्या सुरात.

नागपुरात भाऊ हे कोणाचं नाव नसतं. रिक्षावाला भाऊ, नगरसेवक भाऊ, जावईही भाऊच. ओळख पटायला पुढे काहीतरी लावावं लागतं. कोणी विमावाले भाऊ, कोणी दूधवाले भाऊ, तसे हे झाडवाले भाऊ. वीस वर्षं ते या नावाने ओळखले गेले. मे २०२४पासून त्यांनी स्वतःच नावामागे 'माजी' लावून घेतलं आहे. "झाडवाले भाऊ का?" असा फोन आला की ते आधी "माजी" म्हणतात आणि मगच पुढचं ऐकतात. ऐकतात मात्र सगळं.

माजी आमदाराला पेन्शन असते, माजी सैनिकाला कँटीन असतं. माजी पर्यावरणवाद्यासाठी शासनाने अद्याप काही केलेलं नाही. तिकडे अमेरिकेत मायकेल शेलेनबर्गर नावाच्या गृहस्थांनी पर्यावरण चळवळीशी बिनसल्यावर २०२० साली 'अपॉकलिप्स नेव्हर' नावाचं पुस्तक लिहून टाकलं. आमच्याकडचा माजी पानठेल्यावर उभा राहतो.

चळवळीत माणसं वेगवेगळ्या दारांनी येतात. कोणी मारुती चितमपल्लींचं बोट धरून जंगलात शिरतो आणि परत येत नाही. कोणी परदेशी पुस्तक वाचून येतो, कोणी मुलगी येते म्हणून येतो. भाऊ स्कूटरच्या सीटवरून आले. घरासमोर मोठा कडुनिंब होता, त्याखाली त्यांची स्कूटर उभी असायची. रस्ता रुंद करताना कडुनिंब गेला. ते साल २००५. मे महिन्यात भर दोन वाजता भाऊ बाहेर आले आणि सवयीने स्कूटरवर बसले. नागपूरच्या उन्हात तीन तास तापलेलं काळं रेक्झिन आणि वर पातळ टेरिकॉटची पँट. त्या वेळी जी आरोळी उठली ती आमच्या लेआउटमधली पर्यावरणासाठीची पहिली घोषणा, असं मी मानतो. पुढच्या सगळ्या घोषणा तिच्यापुढे फिक्या.

भाऊ नोकरीला वीज मंडळात, हिशेब खात्यात. मंडळाचे त्याच वर्षी तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी नावं आली, पण नागपूरकर अजून 'एमएसईबी'च म्हणतो. भाऊ दिवसभर विजेच्या पैशांचे ताळे जमवायचे आणि संध्याकाळी कोळशाच्या विजेविरुद्ध पत्रकं वाटायचे. "पगार कोळशाचा, सुटी झाडांची" हे त्यांचंच वाक्य. साहेबांनी एकदा विचारलं, हे कसं काय जमतं? भाऊ म्हणाले, "दोन वेगळी खाती आहेत साहेब. मी रक्कम इकडची तिकडं करत नाही."

हिशेब खात्यातला माणूस चळवळीत शिरला की चळवळीची पंचाईत होते. चळवळीला आकडे लागतात ते लाखांत आणि कोटींत. भाऊंचा प्रश्न एकच असायचा : "नक्की किती?" चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार वनमंत्री असताना १ जुलै २०१६ला राज्यात २ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३, आणि २०१९ला थेट ३३ कोटी. (आमच्याकडे देवही तेहतीसच कोटी. तिथेही कोणी मोजायला गेलेलं नाही.) भाऊंनी लेआउटपुरती वही घातली. रोपाची जात, तारीख, लावणाऱ्याचं नाव, फोटोत असलेल्यांची संख्या आणि शेवटचा रकाना 'सद्यस्थिती'. चार पावसाळे झाल्यावर त्यांनी ताळेबंद काढला. लावलेली २१२, जिवंत १९. त्या १९ मधली ७ पिंपळाची, कंपाउंडच्या भिंतीतून आलेली, कोणीच न लावलेली. त्यांच्यासाठी भाऊंनी वहीत वेगळं पान उघडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : 'कावळे (विनाअनुदानित)'.

हा ताळेबंद त्यांनी एका पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून वाचून दाखवला. पुढच्या वर्षी त्यांना व्यासपीठाखाली बसवलं. त्याच्या पुढच्या वर्षी निमंत्रण आलं नाही. भाऊंना याचं दुःख नव्हतं. ते न बोलावता गेले.

त्या काळात त्यांनी केलं नाही असं काही राहिलं नसेल. महापालिकेने पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे बंद ठेवायचा उपक्रम सुरू केला, तेव्हा भाऊ बरोबर आठला शिट्टी वाजवत गल्लीतून फिरायचे. वहिनी ओट्यावर बसून म्हणायच्या, "भारनियमन होतं तवा बिनशिट्टीचे आठ-आठ तास दिवे बंद राहत. तवा कोणी सत्कार नाही केला आमचा." २०१८च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. भाऊ कापडी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन पानठेल्यावर गेले. आता नागपूरचा खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं : सुपारी, तंबाखू, चुना हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पाटीवर खसाखसा घोटतात, तेव्हा तो खर्रा होतो. ठेलेवाल्याने शांतपणे विचारलं, "भाऊ, कापडात घोटून दाखवा." भाऊंनी खरोखरच घोटून दाखवला. चुना पिशवीने पिऊन टाकला. मुळात खर्ऱ्यावर बंदी, तो ज्यात घोटायचा त्या पन्नीवर बंदी, आणि या दोन बंद्यांच्या मधोमध भाऊ हातात ओली पिशवी घेऊन उभे. पुढे माजी झाल्यावर ते याच ठेल्याशी उभे राहायला लागले, हे त्यातल्या त्यात नैसर्गिकच झालं.

मेंढा-लेख्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे जाऊन बांबू विकायचा वाहतूक परवाना गावाच्या हाती देऊन आले. भाऊ पुढच्याच वर्षी एसटीने तिथे पोचले, वही घेऊन. दोन दिवस राहिले. त्यांनी गावात विचारलं, तुम्ही पर्यावरणासाठी काय काय करता? समोरच्या म्हाताऱ्याने बराच विचार करून सांगितलं, मोहफुलं वेचतो, बांबू तोडतो, सभा करतो. भाऊंच्या वहीत यासाठी रकाना नव्हता.

ते परतले ते 'सर्वसहमती' घेऊन. मेंढ्यात एकाचाही विरोध असेल तर ठराव होत नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहतात. भाऊंनी लेआउटची बैठक बोलावली. विषय एकच : कोपऱ्यावरच्या करंजाचा पाला ज्यांच्या अंगणात पडतो त्यांना तो तोडायचा आहे, आणि ज्यांची कार त्याच्या सावलीत उभी असते त्यांना तो ठेवायचा आहे. भाऊंनी अट घातली, मतदान नाही, सर्वसहमतीच. बैठक रात्री आठला बसली आणि बारानंतर उठली. मध्ये एकाने १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा वाचला, दुसऱ्याने वास्तुशास्त्र. चार तासांत एकाच मुद्द्यावर सर्वसहमती झाली : पुढच्या बैठकीत चहाबरोबर आलूबोंडे असावेत. करंज अजून उभा आहे, कारण ती पुढची बैठक झाली नाही. भाऊ हे आपल्या यशात धरत नसत. मी धरतो.

कोराडीची जनसुनावणी ही त्यांची सगळ्यात मोठी लढाई होणार होती. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा अशी दोन औष्णिक केंद्रं शेजारी-शेजारी. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आधीच आहेत, तिथे तसेच आणखी दोन उभारायचे म्हणून २९ मे २०२३ला सुनावणी ठेवली होती. तारीख पाहा : नवतप्याचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांतला, पाचवा दिवस. आदल्या वर्षीच्या जुलैत खसाळ्याला राखेचा बंधारा फुटून राखेचा लगदा शेतांत गेला होता, तो सगळा तपशील भाऊंच्या फाइलीत होता. बावीस पानं. मांडवात गर्दी, घोषणा, उकाडा. भाऊंच्या शेजारी जवळच्याच गावचा एक माणूस खुर्चीला रुमाल बांधून बसला होता. भाऊंनी त्याला पानं वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर तो म्हणाला, "तुमच्या घरी कूलर किती जी?"

"दोन."

"आमच्या घरी एक कूलर हाये अन् राख हाये."

"तेच तर म्हणून राह्यलो मी! तुम्ही बोला नं मग माईकवर!"

"पोरगा तिथंच ठेक्यावर हाये कामाले."

भाऊंनी बावीस पानं उलटसुलट करून पाहिली. या वाक्याचं उत्तर त्यांत कुठेच नव्हतं. ते मला घरी येऊन म्हणाले, "बाकी सगळ्यांचे मुद्दे खोडता येतात. हा मुद्दाच नव्हता हो, हे घर होतं."

आणि एफजीडी. हा शब्द भाऊंसमोर काढायचा नाही, असं वहिनींनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा वायू होतो. धूर धुराड्यातून वर जाण्याआधी चुनखडीच्या पाण्याने तो धुऊन काढायची जी मोठी यंत्रणा, ती एफजीडी. २०१५च्या डिसेंबरात, तिकडे पॅरिसला हवामानाचा करार झाला त्याच महिन्यात, आपल्याकडे नियम निघाला की औष्णिक केंद्रांनी दोन वर्षांत गंधकाचं प्रमाण खाली आणावं. भाऊंनी डायरीत २०१७चं पान दुमडून ठेवलं. मग मुदत २०२२वर गेली. मग आणखी पुढे. दरम्यान भाऊ निवृत्त झाले, मुलीचं लग्न झालं, नातू झाला, नातू शाळेत जायला लागला. दरवर्षी नवी डायरी आली की जुनीतलं दुमडलेलं पान पाहून नवीतलं पान दुमडायचं, हा त्यांचा पाडव्याचा विधी. शेवटी २०२५च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. तोवर भाऊ माजी झाले होते. मी घाबरत घाबरत बातमी दाखवली. त्यांनी ती पूर्ण वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, एक खातं बंद झालं."

वाचणाऱ्याला वाटेल, एवढे टोले खाल्ल्यावर माणूस निराश होणारच. तसं नाही. हरल्यामुळे पर्यावरणवादी निराश होत नाही. हरणं ही त्याची भाकरी. तो हरून घरी येतो, कढी-भात खातो आणि दुसऱ्या दिवशी नवीन निवेदनाची झेरॉक्स काढतो. भाऊंना तडा गेला तो बरोबर ठरल्यामुळे.

२०२३चा सप्टेंबर. घरोघरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. दिवसभर सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या करून दमलेलं अख्खं लेआउट झोपलं, आणि त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळालं असं म्हणतात आणि जिला आम्ही सगळे 'नाला' म्हणतो, ती आपण नदी असल्याचं सांगायला थेट घरात आली. पाच वाजता मी खाली वाकून पाहिलं तर भाऊंच्या अंगणात मांडीपर्यंत पाणी. वहिनी महालक्ष्म्यांचे मुखवटे पदरात घेऊन जिन्यात बसल्या होत्या. शेजारचे दोघे भाऊंचा फ्रिज उचलायला धावले होते. आणि भाऊ बॅटरी घेऊन पाण्यात उभे राहून सांगत होते, "ओव्हरफ्लोच्या पुढं पात्र अरुंद झालं, हे मी लिहून दिलं होतं. तीनदा लिहून दिलं होतं. पोच आहे माह्याजवळ!"

"भाऊ, आधी फ्रिज धरा," कोणीतरी म्हणालं.

पोच असलेली फाइल तेवढ्यात त्यांच्याच पुढ्यातून वाहत गेली.

त्यानंतर पंधरा दिवस लेआउटमध्ये त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही. जणू तीन अर्ज करून पाणी त्यांनीच मागवलं होतं. कोणाचा सोफा गेला, कोणाची कार गेली, आणि चिखल काढणाऱ्या माणसासमोर हे उभे राहून भूगोल सांगतात. बरोबर ठरलेल्या माणसाला गावाची क्षमा नसते, हे त्यांना तेव्हा समजलं. पण त्याहून वाईट गोष्ट समजायची अजून बाकी होती, आणि ती समजली आठ महिन्यांनी.

३० मे २०२४. पुन्हा नवतपा. नागपूरचा नेहमीच्या वेधशाळेतला विक्रम २३ मे २०१३चा, ४७.९ अंश. त्या गुरुवारी मोबाइलवर बातमी फुटली : रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रावर पारा ५६ अंश! भाऊ गच्चीवर धावले. वरून मला ओरडून म्हणाले, "छप्पन! जगाचा रेकॉर्ड छप्पन पॉइंट सात आहे. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत, १९१३ साली. पॉइंट सातनं हुकलो हो आपण!" आवाजात शेवटच्या चेंडूवर सामना गेल्याची हळहळ होती. तासाभरात त्यांनी ते सहा ग्रुपांवर धाडलं. फ्लेक्सवाल्याला फोन केला : काळ्यावर लाल अक्षर, फक्त '५६', बाकी काही नको. रात्री हवामान खात्याकडून खुलासा आला की आकडा संशयास्पद आहे, सेन्सर बिघडलेला दिसतो. वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या केंद्रावर त्याच दिवशी ४४ होते.

अकराच्या सुमाराला भाऊ माझ्या गॅलरीत येऊन बसले. वारा पडलेला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मले एक सांगा," ते शेवटी म्हणाले. "छप्पन नाही, चव्वेचाळीस आहे, हे ऐकून माणसाले काय वाटाले पाहिजे?"

"बरं वाटायला पाहिजे."

"मले वाईट वाटलं." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "बारा अंश कमी झाले, अन् मले वाईट वाटलं. दुपारी छप्पन ऐकलं तवा तर मी... काय सांगू तुम्हाले... खूश झालो होतो. माहा नातू खाली झोपला होता, शहर भाजून निघून राह्यलं, अन् मी गच्चीवर खूश. पुराच्या रात्रीही तेच झालं होतं. फ्रिज वाहून चालला अन् मले आतून गुदगुल्या. वीस वर्षं मी काय केलं मग? वाईट बातमीची वाट पाहिली."

मी म्हणालो, सगळ्यांचंच असं होतं. डॉक्टरला रोग बरोबर ओळखला की बरं वाटतंच.

"डॉक्टरले रोगी मेल्यावर नाही वाटत," भाऊ म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते राजीनामा घेऊन आले. फुलस्केप कागद, डाव्या बाजूला समास. 'प्रति, पर्यावरण चळवळ, नागपूर. विषय : कार्यमुक्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...' अडचण अशी होती की तो घेणार कोण? चळवळीला ऑफिस नव्हतं, अध्यक्ष होते ते पाच आणि त्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. भाऊंनी सहाही ग्रुप सोडले. दुपारपर्यंत चार ठिकाणी त्यांना परत घालून घेतलं होतं, त्यांतल्या एका ठिकाणी ॲडमिन म्हणून. राजीनामा मंजूर झाला नाही तर माणूस सेवेत धरला जातो, हा नियम त्यांना छळायला लागला. शेवटी त्यांनी तो मला दिला. "तुम्ही फक्त पोच द्या." मी दुय्यम प्रतीवर तारीख घालून सही केली. मूळ प्रत माझ्या कपाटात आहे, विजेच्या बिलांखाली.

माजी झाल्यापासून भाऊ जास्त कठीण झाले आहेत. पूर्वी ते फक्त सरकारला आकडे विचारायचे, आता सगळ्यांनाच विचारतात. कॉलेजातली पोरं त्यांच्याकडे मोठ्या आशेने येतात, 'भाऊ, रीलमध्ये दोन शब्द बोला' म्हणून. पोरगी म्हणते, "शहरातली हजारो झाडं..." भाऊ म्हणतात, "हजारो म्हणजे किती?" रील तिथेच थांबतं. मग ते तिला दीड तास बसवून माहितीचा अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, सिमेंट रस्ता करताना बुंध्याभोवती माती किती सोडायची हे शिकवतात, आणि शेवटी सांगतात, "पण माहं नाव नका टाकू. मी माजी आहे." एकदा विरुद्ध बाजूच्या एका गृहस्थाला वाटलं, हा माणूस आता आपल्या कामाचा. त्याने विकासावरच्या चर्चेत भाऊंना बोलावलं, गाडी पाठवली, शाल दिली. भाऊंनी माईक हातात घेऊन आधी विचारलं, "रोजगार किती मिळणार म्हणता? नक्की किती?" परत यायला ऑटो करावा लागला.

थर्मामीटरचं वेड याच काळातलं. यंत्राच्या आकड्यावर विश्वास उडाल्यामुळे त्यांनी बाजारातून काचेचे दोन साधे थर्मामीटर आणले. एक त्यांच्या व्हरांड्यात लावला, दुसरा माझ्या गॅलरीत, स्वतः येऊन, खिळा ठोकून. एकाच नोंदीवर हिशेब पास होत नसतो म्हणे. रोज दुपारी अडीचला समोरून हाक येते : "किती?" मी सांगतो, ते लिहितात. गावाला गेलो तर आकडा सांगायला कोणाला तरी नेमून जावं लागतं.

आणि मग तो एसी. कारण विचारलं तर भाऊ म्हणाले, नातवाला घामोळं होतं. वहिनी म्हणाल्या, "खोटं. रात्री पाणी टाकायले कोणी उठत नाही कूलरमध्ये." फिटिंग झालं, भाऊंनी सत्तावीस अंशांवर लावून रिमोट उशीखाली ठेवला आणि नवतप्याची वाट पाहत बसले. २५ मे ते २ जून, नऊ दिवस, काय खर्च येतो त्याचं कोष्टकही करून ठेवलं.

नवतपा आला आणि आभाळ भरून आलं. त्या मे महिन्यात अख्ख्या महाराष्ट्रात अवकाळी पावसाने धुमाकूळ घातला. मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, इतका लवकर की जुन्या नोंदींत असं सापडत नाही. नागपुरात आम्ही नवतप्यात छत्र्या शोधल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मे महिन्यात भजी खाल्ली. भाऊ व्हरांड्यात खुर्ची टाकून, मांडीवर कोष्टक ठेवून पावसाकडे बघत बसले होते. आत दीड टनाचा पाच स्टार प्लास्टिकच्या वेष्टणासकट बंद होता.

पानठेल्याकडून चार पोरं भिजत आली. त्यांतला एक फाटकाशी थांबून म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं मोर्चे काढले त्यापेक्षा पहिलेच एसी घेऊन घेतला असता नं!"

सगळी गल्ली हसली. वहिनी आतून हसल्या. भाऊही हसले, जरा उशिराने. पोरं गेल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

"किती?" त्यांनी पावसातून ओरडून विचारलं.

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. "एकतीस."

भाऊ उठले, आपल्या थर्मामीटरला नाक लावून उभे राहिले, आणि वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गच्चीवरच्या त्या दुपारचं काहीतरी होतं.

"माह्याकडं साडेएकतीस!"

आपण काय बोललो हे मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वही उघडली, पेन झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेन्सर खराब असन."